धुण्याचा दगड घेऊन बांधावर

लग्न होऊन पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मी बांधाचा दगड धुणं धुवायला उचलून घरी आणला होता.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. दोन शेतांच्या मधे मातीचा उंचवटा असतो तो बांध, आणि बांध जिथं वळतो तिथं पुरलेला दगड म्हणजे हद्द. त्या दगडावरून सोयरिकी मोडतात, भाऊ भावाच्या मयताला जात नाही. हे शेतकऱ्याच्या घरातल्या रांगत्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं, पण मी तेव्हा पुण्यात दिलेली मुलगी होते! नायलॉनची साडी, डोळ्यांवर गॉगल, आणि सासरच्या मोरीत गुळगुळीत काळा दगड. माहेरी आईचा धुण्याचा दगड भेगाळलेला. त्यात माझ्या साडीचा काठ अडकला आणि टरकन फाटला. मी "शी!" म्हटलं, आणि बांधावरचा तो सपाट, रुंद, काळाभोर दगड माझ्या डोळ्यांपुढे आला.

आबा, म्हणजे माझे वडील, बारामतीच्या बाजाराला गेले होते. मी गड्यांना हुकूम सोडला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण पुण्याच्या बाईसाहेबांना नाही कोण म्हणणार? पहारीनं उकरून, बैलगाडीत घालून, दगड परसात आला. मी लगेच त्यावर रुमाल धुतला.

आबांनी आल्यावर दगड पाहिला, मला पाहिलं, आणि न जेवता आडवे झाले. सकाळी बघतात तर शेजारच्या तात्यांचा नांगर त्या जागेवरून फिरून गेलेला. आता दगड परत नेऊन ठेवायचा तरी कुठं? आबांनी गावाला सांगितलं की दगड पावसात वाहून गेला. तिघांना न हलणारा दगड वाहून नेईल असा पाऊस इंदापूर तालुक्यात कधी पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. तरी गावानं ते मान्य केलं. माहेरवाशिणीची अब्रू होती ना.

त्या मुलीची आणि माझी आज गाठ पडली, तर मी आधी तिचा गॉगल काढून घेईन.

यंदा माघात सुभद्रावहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून कळंबच्या अलीकडच्या वस्तीवर ती एकटी राहते आणि दीड एकरात वांगी, मेथी, घेवडा करते.

"वन्सं, तुमी तो दगड कुठनं उचललावता, ती जागा दावायला या," ती म्हणाली. "न्हायतर माझं रान गेलं."

प्रकरण असं होतं. वहिनीच्या चारी बाजूंची शेतं एका कंपनीनं घेतली. मधे एकटी वहिनी राहिली, ती विकेना. मग कंपनीनं सगळ्याला मिळून कुंपण घातलं, आणि वहिनीचं शेत कुंपणाच्या पोटात गेलं. पूर्वी बांधाच्या कडेनं गाडीवाट होती. दगडापाशी वळून ती आमच्या शेतात शिरायची. कंपनी म्हणते, अशी वाट कधी नव्हतीच. सरकारी नकाशात शेतं असतात, पण अशा वाटा म्हाताऱ्यांच्या डोक्यात असतात. तहसीलात अर्ज झाला होता. दोन दिवसांनी मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करणार होत्या. दगडाची जागा ठरली तर वाट ठरणार. नाही ठरली, तर वहिनीला शेत कंपनीलाच द्यावं लागणार, कारण ज्याला वाट नाही ते शेत दुसरं कोण घेतो?

थोडक्यात, मी चोर होते म्हणून मला साक्षीदार नेमलं होतं. पिशवीत गुडघ्याचे पट्टे टाकले आणि निघाले.

बारामतीच्या एसटीत

पंचाहत्तरी ओलांडली की एसटी फुकट. त्यामुळे खिडकी मिळाली की मला आपण मंत्री असल्यासारखं वाटतं. शेजारी एक गृहस्थ बसले. पांढराशुभ्र शर्ट, हातात दोन मोबाइल, कपाळाला अष्टगंध. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "आजी, सातबारा हाय का नावावर?"

पुण्यात शेजारचा प्रवासी 'कुठं उतरणार' विचारतो. इथं आधी उतारा विचारतात.

ते जमिनीचे एजंट निघाले. मोठ्या प्रेमानं मला धंदा समजावून सांगू लागले. "आता शेतकरी न्हाय इचारायचा आजी, ब्लॉक इचारायचा. तुकड्यात कुनाला रस न्हाय. शंभर एकर एका जागी द्या, मानूस इमानानं येतो."

"पण कंपनीला शेतजमीन घेता येते का हो? शेतकरीच लागतो ना?"

"शेतकरीच घेतो की! एक साहेब हायत, मोठे इंजिनेर. कागदावर पक्के शेतकरी." त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त त्यास्नी बाजरी कुठली आन ज्वारी कुठली, ते इचारू नका."

"आणि तुमची जमीन?"

"इकली. पयली माझीच इकली. घरापासनं सुरुवात करावी मानसानं." ते मनापासून हसले, मग जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर ऊस चालला होता, म्हणजे आपणच चाललो होतो. "दारात गाडी हाय आता मोठी. मंडळी कोथमीर इकत आणती, एवढंच."

माणूस मोकळा वाटला. मीही मोकळी झाले. आणि इथं माझ्या हातून आयुष्यातली दुसरी घोडचूक झाली. पहिली तरुणपणी केली, त्याला निदान सबब आहे.

मी त्यांना सगळं सांगितलं. दगड, धुणं, आबा, तात्यांचा नांगर. आणि वर देवाची विडीही सांगितली.

देवाची विडी म्हणजे काय, ते तुम्हालाही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लहानपणी मी त्या दगडावर बसून न्याहारी करायची. तिथून गावाकडे पाहिलं की कारखान्याचं लांबचं धुराडं बरोबर देवळाच्या कळसाआड लपायचं. उसाचं गळीत सुरू झालं की धूर थेट कळसातून निघाल्यासारखा दिसायचा. आम्ही पोरं ओरडायचो, "भैरोबा विडी वढतोय!" त्यासाठी आईचा मार खाल्लाय. चार पावलं इकडे किंवा तिकडे सरकलं की धुराडं बाजूला दिसायचं आणि देवाची विडी सुटायची. म्हणजे वहिनीच्या बांधावरून चालत जायचं, जिथं देव विडी ओढतो तिथं दगड. आहे की नाही सोपं?

"लई भारी," एजंट म्हणाले, आणि बारामती स्टँडवर उतरता उतरता एका मोबाइलवर बोलायला लागले. मला त्या भल्या माणसानं पिशवी उतरवून दिली म्हणून मी आशीर्वादही दिला.

कुंपणाच्या आत

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीबरोबर शेतावर निघाले. डांबरी संपते तिथं लोखंडी फाटक, फाटकाशी पत्र्याची खोली, आणि निळी टोपी घातलेला रखवालदार. त्यानं वहिनीच्या गळ्यात एक कार्ड अडकवलं. त्यावर लिहिलं होतं 'व्हिजिटर'. सत्तरी गाठलेली बाई, हातात खुरपं, कमरेला पाटी, स्वतःची वांगी तोडायला निघालेली. आणि व्हिजिटर!

"येण्याचं कारण?" रखवालदारानं मान खाली घालून विचारलं.

"वांगी," वहिनी म्हणाली. "काल मेथी व्हती. उद्या काय इच्छा हाय तुझी, ते सांग, तेच तोडते."

आमच्या सोसायटीच्या फाटकावरही नाव विचारतात, पण भाजी विचारत नाहीत. मी मनात शेरा तयार करत होते, तेवढ्यात रखवालदारानं मान वर केली.

"आक्का, वळखलं न्हाय? म्या भीमा. तात्यांचा."

ज्या तात्यांचा नांगर माझ्या दगडाच्या जागेवरून फिरला, त्यांचा हा धाकटा. फाटकाच्या आतलं पहिलं शेत त्याचंच होतं. विकलं, मुलाचं घर बांधलं, आणि कंपनीनं मोठ्या मनानं त्याच शेताची राखण त्याला दिली.

"आधी फुकट राखायचो, आता पगार हाय," भीमा म्हणाला. "फकस्त आत जाऊन बसायचं न्हाय, एवढा नियम हाय."

आत गेले, आणि माझं तोंड बंद झालं. हे माझ्या लग्नानंतर फार कमी वेळा झालंय.

बांध नव्हते! एकही नाही. सगळं रान पाटावर लाटलेल्या पोळीसारखं सपाट. त्यावर डाळिंबाच्या सरळ ओळी, काळ्या नळ्या, दूरवर एक पांढरं शेड. बोरी नाही, बाभळ नाही, भांडायला जागा नाही. आमच्या वेळी बांधावर घोळ, पाथरी, तांदुळजा अशा रानभाज्या मिळायच्या. ज्यांना रान नाही त्या बायका शेळ्यांना बांधावरचं गवत कापून न्यायच्या, कुणी अडवत नसे. भुईमूग निघाला की मागं राहिलेल्या शेंगा वेचायला सगळी वस्ती यायची. वहिनी म्हणाली, आता मजूर बसनं लांबून येतात आणि बसनं जातात. शेळ्या गेल्या बाजारात. आणि कंपनीच्या झाडाखाली पडलेलं डाळिंब उचललं तर ती चोरी.

मला आठवलं, कॉलेजात मी एक निबंध लिहिला होता, बांधांमुळं देशाची किती जमीन वाया जाते यावर. बक्षीस मिळालं होतं. परीक्षकांना आज इथं आणून उभं करायला हवं, उन्हात, टोपीशिवाय.

या सगळ्या सपाटीत एकच बांध शिल्लक होता, वहिनीच्या शेताचा. गवतानं भरलेला, वाकडा, हट्टी. मी त्यावरून गावाच्या दिशेनं पाहत चालू लागले. देऊळ दिसेना. धुराडंही दिसेना. समोर होता एक लांबलचक फलक. लोखंडी खांबांवर चढवलेला, खांबांच्या बुडाची माती अजून ओली. त्यावर फेटेवाला शेतकरी हसत होता. इतके एकसारखे पांढरे दात इंदापूर तालुक्यात कुणाचे नाहीत. खाली लिहिलं होतं: 'माती तुमची, प्रगती सर्वांची'.

"हा कधी लावला?"

"काल सांच्याला," वहिनी म्हणाली. "घाई घाईनं. का वो?"

मला त्या भल्या माणसाचे दोन मोबाइल आठवले. मी वहिनीला एसटीतली हकीकत सांगितली. तिनं कपाळावर हात मारला नाही, रडली नाही. वांगी तोडत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "वन्सं, तरुणपनी दगड नेलात, म्हातारपनी जागाबी देऊन आलात. काय ठिवू नका आमच्याकडं."

मी हसले, पण दुपारी भरीत तसंच पानात ठेवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि तिच्या बांधावरच्या घोळाची भाजी. सगळ्या रानात तेवढ्याच एका बांधावर ती भाजी उरली होती. जेवताना वहिनीनं सांगितलं की मुलगाही विकून टाक, त्या पैशात बंगला बांधू म्हणतो. तो बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे.

"त्याचं चुकत न्हाय," ती म्हणाली. "पर सकाळी उठून मला कुठंतरी जायला पायजे का नको? माझं म्हायेर काटेवाडीचं. पानी धरायला, खुरपायला, एवढंच शिकवलं तितं. बंगल्यात बसून काय खुरपू?"

संध्याकाळी परसात पाय धुवायला गेले आणि त्याच दगडावर बसले. माझाच दगड. वहिनीच्या धुण्यानं आणखी गुळगुळीत झालेला. बसले, समोरच्या कौलांकडे पाहिलं, आणि एकदम लक्षात आलं. सकाळी मी फलकाकडे उभ्यानं पाहत होते. विडी मी कधी उभ्यानं पाहिलीच नव्हती! न्याहारी करताना पाहिली होती, बसून. आणि फलक खांबांवर होता, खालून मोकळा.

"वहिनी, मुलाला फोन कर. टेम्पो पाहिजे."

पंचनाम्याचा दिवस

फाटकाशी भीमानं टेम्पो अडवला. मागं दगड, दगडाशेजारी घरातल्या जुन्या खुर्चीत मी.

"माल काय?"

"दगड," मी म्हटलं.

भीमानं दगड पाहिला. ओळखला असावा, कारण त्याच्या मिशा हलल्या. "माल भायेर न्यायला पास लागतो," तो सावकाश म्हणाला. "आत आनायचं नियमात कायबी न्हाय. जावा."

मंडळ अधिकारी, म्हणजे गावाच्या भाषेत सर्कलबाई, माझ्या नातीच्या वयाच्या. कडक इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, गळ्यात ओळखपत्र. कंपनीतर्फे एक व्यवस्थापक होते, टी-शर्टवर रोपट्याचं चित्र. आणि त्यांच्या शेजारी एसटीतले माझे मित्र! मी त्यांना हात केला. त्यांनी एका मोबाइलकडे पाहिलं.

"मॅडम, बेसिकली आम्ही सगळ्यांना सोबत घेऊनच चाललोय," व्यवस्थापक म्हणाले. "मावशींना येण्याजाण्याची पूर्ण सोय आहे. पण वाट वगैरे इथं कधीच नव्हती."

"आजी, तुमचं काय म्हणणं?" सर्कलबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. जिथं कळसाआड धुराडं जाईल तिथं दगड होता आणि तिथंच गाडी वळायची. सर्कलबाईंनी बांधावर उभं राहून पाहिलं. त्यांना हसरा शेतकरी दिसला.

"काहीच दिसत नाही की."

"उभ्यानं नाही दिसणार बाई. बसायला लागेल. माझे गुडघे बसत नाहीत, वहिनीचे बसतात."

वहिनीनं पदर खोचला आणि उकिडवी बसली. खुरपायला बसतात तशी. फलकाच्या खालून गावाकडे नजर लावून ती बांधावरून सरकू लागली. खुरपणाऱ्या बाईची ती चाल बघण्यासारखी असते. वरून पाहणाऱ्याला वाटतं ती जागची हलत नाही, आणि बघता बघता ती शेताच्या टोकाला गेलेली असते. आम्ही सगळे मागं. मधेच तिनं खुरपं जमिनीत रोवलं.

"वन्सं, हितं!"

दगड आणून तिथं ठेवला. मी त्यावर बसले. खांबांच्या मधून, त्या पांढऱ्या दातांच्या खालून, भैरोबाचं देऊळ दिसलं, आणि कळसातून निवांत धूर निघत होता. इतक्या वर्षांत देवानं सवय सोडली नव्हती.

"बसा बाई," मी उठत म्हटलं.

सर्कलबाईंनी ड्रेसकडे एकदा पाहिलं, आणि बसल्या. मग तोंडावर हात ठेवून खुदकन हसल्या. "अय्या, खरंच की!"

"मॅडम, योगायोग आहे," व्यवस्थापक म्हणाले. "आणि साक्षीदार दोन्ही एकाच घरच्या."

हा मुद्दा बरोबर होता. सर्कलबाईंचं हसू थांबलं. "या घराबाहेरचं, त्या वेळचं कुणी आहे का?"

भीमा फाटक सोडून केव्हा मागं येऊन उभा राहिला, कुणाला कळलं नव्हतं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं व्यवस्थापकांकडे पाहिलं.

"म्या ड्यूटीवर हाय," तो म्हणाला.

वहिनी खुरप्याची माती बोटानं काढत राहिली.

मग भीमानं डोक्यावरची निळी टोपी काढली, घडी घालून बगलेत धरली.

"आता इचारा."

"दगड इथंच होता?"

"हितंच. हितनं आमचीबी गाडी वळायची. आन बाई, दगड वाहून गेला न्हवता. आक्कानं नेला, ते तात्यांनी बघितलंवतं. हिच्या परसात बसून च्या पेले त्या दगडाम्होरं. घरी येऊन आमाला म्हनाले, पोरीनं दगड नेला, आपल्याला एक तास रान मिळालं, गप ऱ्हावा."

एक तास म्हणजे नांगराची एक रेघ. तेवढ्यासाठी तात्या जन्मभर आमच्याकडे गप्प बसून चहा पीत राहिले, आणि आबा त्यांना जन्मभर पावसाची गोष्ट सांगत राहिले. दोघांनाही सगळं ठाऊक होतं. आमच्या सोसायटीत गाडी लावायच्या पांढऱ्या पट्टीवरून वकिलांच्या नोटिसा जातात. त्या मानानं हे फारच सुसंस्कृत म्हणायचं.

सर्कलबाई लिहीत होत्या. एजंटांनी दोन्ही मोबाइल खिशात घातले आणि हळूच मला म्हणाले, "आजी, खालनं मोकळं सोडायला नको हुतं."

"विकताना सगळं समजून घ्यावं माणसानं," मी म्हटलं. "बाजरी कुठली, ज्वारी कुठली."

परत पुण्यात

दगड तिथंच पुरून यायचा असं सर्कलबाईंनी सांगितलं होतं, म्हणून पुरला. निकाल यायला वेळ लागला, पण वहिनीच्या बाजूनं आला. कंपनीनं कुंपण मागं घेऊन वाट सोडली. गळ्यातलं कार्ड गेलं. भीमाची फाटकावरची नोकरीही गेली. तो आता वहिनीच्या शेतात निम्म्या वाट्यानं कांदा करतो, आणि आत जाऊन बसतोही. कंपनी मात्र हार मानणाऱ्यातली नाही. तिनं त्या वाटेच्या तोंडाशी 'जुनी गाडीवाट' अशी पाटी लावली आहे आणि डाळिंबाची बाग बघायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांना तिथून चालवत नेतात. पाहुणे वहिनीच्या दगडावर बसून फोटो काढतात. विडी कुणाला दिसत नाही. ते गॉगल लावून येतात.

हे सगळं वहिनीनंच फोनवर सांगितलं. मी खूश झाले, स्वतःची पाठ थोपटायला सुरुवातही केली. मग मला एकदम परसातली रिकामी जागा आठवली. मी विचारलं, "पण वहिनी, तुझं धुणं गं? ते कशावर धुतेस आता?"

मग तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"वन्सं, कंपनीनं त्यांच्या हद्दीला लई गुळगुळीत दगड लावल्यात. त्यातला एक बघून ठिवलाय म्या. तुमी कधी येताय?"